मासोळीच्या डब्ब्यातलं मेण

"मेनाचं टेन्शन घेऊच नका, मास्तर," केवळराम म्हणाला. "माह्या डब्ब्यात वैनगंगेची मासोळी नागपूरपावतो जाते न जिवंतासारखी उतरते. मेन तं पहिलेच मेलेलं हाये. त्याले का होनार?"

अल्फोन्स मास्तरांनी त्या पांढऱ्या थर्माकोलच्या डब्ब्याकडे पाहिलं, वास घेतला आणि नाकाला रुमाल लावला. पण दुसरा इलाज नव्हता. माजरीच्या खाण कॉलनीतल्या ख्रिस्ती मंडळींची तीर्थयात्रा निघायची होती आणि महिना होता मे. मे महिना येशूच्या मातेचा, असं ती मंडळी मानतात. चंद्रपूरचा मे महिना मात्र निव्वळ सूर्याचा असतो. त्या दिवसांत अंगणात ठेवलेल्या प्लास्टिकच्या खुर्चीवर माणूस बसला, की खुर्ची हळूहळू पाय फाकवते आणि माणसाला जमिनीवर आणून सोडते.

यात्रा तीन जुन्या चर्चची. एक चंद्रपूरचं, एक गोंडपिपरीच्या वाटेवरचं, आणि शेवटचं आलापल्लीच्या पलीकडे, सागाच्या जंगलात, कोसमटोल्याच्या टेकडीवरचं. त्या टेकडीवरची माता नवसाला पावते. तिथली रीत अशी, की ज्याचं जे दुखतं ते मेणाचं करून तिच्या पायाशी ठेवायचं. गुडघा धरला तर मेणाचा गुडघा. डोळे अधू झाले तर मेणाचे डोळे. घर पाहिजे तर मेणाचं घर. फिलोमिनाबाईचा भाऊ मुंबईला होता, त्यानं सगळ्यांच्या फर्माइशीप्रमाणे मेणाच्या वस्तू पाठवल्या होत्या. आणि खुद्द फिलोमिनाबाईसाठी होतं एक बाळ. तिच्या सुनेला, रोशनीला, लग्नानंतर कित्येक वर्षांनी दिवस गेले होते. इवलंसं गोंडस बाळ, हातापायाची बोटंसुद्धा मोजून घ्यावीत असं.

बाईनं ते बाळ केवळरामच्या हातात देताना सांगितलं, "भाऊ, हे सही सलामत पोचलं पायजे. नवस बोलली मी, साबूत बाळ ठेवीन म्हनून. याचं नखबी तुटलं तं मले रात्री झोप येनार नाई."

"बाई, याले कायजात ठेवतो," केवळराम म्हणाला, आणि बाळाला बर्फावर, गोणपाटावर निजवलं.

आता केवळरामबद्दल सांगायला पाहिजे. जातीनं ढिवर, बापजाद्यांचा धंदा जाळ्याचा. यानं जाळं सोडून टेम्पो ट्रॅव्हलर घेतली, डब्बा तेवढा सोडला नाही. पन्नाशी उलटली, मिशा पांढऱ्या झाल्या, पण अंगातली मस्करी काही जाईना. माजरीत कोणाच्या मोबाईलवर अचानक गाढव ओरडलं, की लोक मोबाईलकडे नंतर आणि केवळरामकडे आधी पाहत. एकदा त्यानं लग्नात नवरदेवाच्या घोडीला पानाचा विडा चारला होता. घोडी लाल थुंकली आणि वरात दवाखान्यात गेली. घोडीला घेऊन.

म्हणूनच निघताना अल्फोन्स मास्तरांनी बोट वर करून बजावलं, "केवळराम, ही तीर्थयात्रा हाये. पिकनिक नाई. मस्करी बिलकूल चालनार नाई."

"शपथ घेतो, मास्तर."

"कोनाची?"

"तुमचीच."

घरून निघताना बायको सुगंधाबाईनं त्याच्या हातात कागदात गुंडाळलेली एक पुडी दिली होती. फिलोमिनाबाई तिची मैत्रीण. तिच्याकडूनच तिनं काहीतरी मागवून घेतलं होतं.

"हेबी ठेवजा मातेच्या पायाशी. तुमच्यासाठी हाये."

"माह्यासाठी? मले का झालं?"

"ठेवजा म्हनलं ना. खोलून नका पाहू."

केवळरामनं खोलून पाहिलं नाही, पुडी तशीच डब्ब्यात ठेवली. आयुष्यात एवढी एकच गोष्ट त्यानं बायकोची ऐकली, आणि तीच नडली.

चंद्रपूरचं चर्च झालं. वाटेवरचं चर्च झालं. मागच्या सीटांवर माळेची प्रार्थना चालू, पुढे केवळराम स्टिअरिंगवर आणि शेजारी त्याचा साळा डोमा, जो गाडीचा क्लिनर होता आणि खाण्याचा शौकीन होता. सगळं इतकं सुरळीत चाललं होतं, की केवळरामला करमेना.

आष्टीला वैनगंगेच्या पुलाजवळ जेवायला थांबले. पुलाखाली केवळरामचा मामेभाऊ चैतू मासोळ्या विकतो. त्याच्या घमेल्यात एक मरळ होती, हातभर लांब, काळी, सापासारखी वळवळणारी. आणि अल्फोन्स मास्तर सापाला इतके घाबरत, की घरात पाण्याचा पाइपसुद्धा सरळ करून ठेवत.

केवळरामनं मरळीकडे पाहिलं. मरळीनं केवळरामकडे पाहिलं. शपथ तिथंच सुटली.

"डोम्या," तो म्हणाला, "कोसमटोल्याले डब्बा कोन खोलते?"

"मास्तर."

"मंग यकदम वरतं हे असंन तं?"

डोमा हसत हसत खाली बसला. बेत साधा होता. मेण काढून पिशवीत, मरळ डब्ब्यात. टेकडीवर पोचल्यावर मास्तरांनी झाकण उघडायचं, किंचाळायचं, सगळ्यांनी हसायचं, मग मेण बाहेर काढून सन्मानानं द्यायचं. कोणाचं काही जात नव्हतं.

पण मरळ हातातून निसटली. दोघं तिला धरण्यात गुंतले तोच मास्तर हात धुऊन गाडीकडे आले. केवळरामनं एका हातानं मरळ डब्ब्यात कोंबली, दुसऱ्या हातानं मेणाची पिशवी गाडीत पुढे फेकली, वर आपला दुपट्टा टाकला आणि सभ्य चेहऱ्यानं स्टिअरिंगवर जाऊन बसला.

पिशवी पडली होती ड्रायव्हरशेजारच्या इंजिनाच्या झाकणावर. याच झाकणावर केवळराम रोज आपला जेवणाचा डबा ठेवायचा, गरम राहावा म्हणून. भात तर भात, वरणसुद्धा तिथं उकळी धरायचं.

आष्टी सुटली, जंगल लागलं. थोड्या वेळानं त्याला मेणबत्तीचा वास आला. त्यानं आरशातून मागे पाहिलं.

"बाई, गाडीत मेनबत्त्या नका लावू. सीट कव्हर नवीन हाये."

"कोनी नाई लावली, भाऊ," मागून आवाज आला.

"मंग वास कायचा येऊन राह्यला?"

सगळ्यांनी नाक वर केलं. मग फिलोमिनाबाई हळूच म्हणाली, "माता जवळ आली. तिचा सुगंध हाये हा."

झालं. सगळी गाडी गायला लागली. मास्तर सगळ्यात मोठ्यानं. केवळरामला बरं वाटलं. त्यानं मान डोलावली, स्टिअरिंगवर ठेका धरला, आणि इंजिन आपलं काम करत राहिलं.

कोसमटोल्याला गाडी थांबली. मंडळी उतरली. केवळरामनं दुपट्टा उचलला.

पिशवीत एकच गोळा होता. पांढरा, मऊ, पोळ्यांच्या कणकेएवढा. सगळ्यांचे गुडघे, डोळे, घरदार एकमेकांत मिसळून गेलं होतं. वर फक्त एक इवलासा अंगठा उभा होता, बाळाच्या पायाचा, जणू विचारत होता, "आता?"

डोमानं डोकावून पाहिलं.

"भाऊजी, सांगून टाका."

"कोनाले?"

दोघांनी फिलोमिनाबाईकडे पाहिलं. ती झाडाखाली उभी राहून टेकडीला हात जोडत होती.

"नाई सांगू," डोमा म्हणाला.

सुदैवानं तिथल्या रिवाजाप्रमाणे आधी क्रुसाची वाट चालायची असते. टेकडी चढत जायचं, वाटेत ठिकठिकाणी क्रूस आहेत, तिथं थांबायचं, गुडघे टेकायचे, प्रार्थना करायची, मग वरच्या चर्चमध्ये अर्पण. तेवढाच काय तो वेळ. केवळरामनं डोमाला डब्ब्यासकट सागाच्या सावलीत पाठवलं.

"मासोळी फेकून दे. बर्फाचं पानी तयार ठेव. मी पुसून येतो, कोनाचं का होतं ते."

तो धावत मिरवणुकीत घुसला. पहिल्या क्रुसापाशी मंडळी गुडघ्यावर बसली, तसा हाही बसला. शेजारच्या म्हाताऱ्या बाईच्या कानाशी लागला.

"बाई, तुमचं कोनतं अंग?"

"का?"

"म्हंजे दुखते कुठी?"

बाईला एवढं प्रेमानं घरच्यांनीसुद्धा विचारलं नव्हतं. "गुडघा, भाऊ. उजवा. पहिले डावा दुखे, मंग उजव्यात गेला. डाक्टर म्हने वजन कमी करा. वजन का गुडघ्यात असते?"

"गुडघा कसा होता तुमचा? लांबट का गोल?"

बाईनं पदर सावरला आणि संशयानं त्याच्याकडे पाहिलं.

दुसऱ्या क्रुसापाशी डोळ्याचा माणूस सापडला. त्याच्या पुढच्या क्रुसापाशी आणखी एक गुडघा. प्रत्येक थांब्यावर केवळराम पळत यायचा, गुडघे टेकायचा, कोणाच्या तरी कानात कुजबुजायचा आणि घाम पुसत उतारावरून खाली धावायचा. मास्तर हे पाहत होते. त्यांचे डोळे भरून आले.

"केवळराम," ते म्हणाले, "तुह्यात एवढी भक्ती हाये, मले माहीत नोतं."

"मास्तर, तुमचं घर होतं ना? यक मजली का दोन?"

"यक मजली. काहाले?"

"प्रार्थनेत बरोबर बोलाव लागते."

खाली सावलीत कारखाना सुरू झाला. मेण पाण्यात बुडवायचं, वळायचं, थंड करायचं. डोळे सोपे होते, दोन गोट्या. गुडघे दुधी भोपळ्यासारखे झाले, पण गुडघा तरी दुसरं काय असतो? मास्तरांच्या घराला छत बसेना. ते बसवता बसवता घर चुलीसारखं दिसायला लागलं. "व्हरांडा समज," केवळराम म्हणाला आणि पुढे गेला.

खरी पंचाईत बाळाची. लहानपणी दर तान्ह्या पोळ्याला केवळराम नदीच्या मातीचे बैल करायचा. गावात त्याच्या बैलाला तोड नव्हती. पण हाताला एकच वळण पडलं होतं. त्यानं बाळ करायला घेतलं, आणि बैल झाला. मोडून पुन्हा केलं. पुन्हा बैल, आधीच्यापेक्षा देखणा.

"भाऊजी, शिंगं काढा."

"काढली."

"शेपूट?"

"थेबी काढलं. आता पाय दुमडतो. पाह्य बरं, पोट्टं दिसते का?"

डोमानं मान तिरकी केली. "बसलेला बैल दिसते."

वरून घंटा वाजली. केवळरामनं शिंगांच्या जागी कान दाबले, थुतरं चपटं केलं, आणि ते घाईघाईनं आपल्या धुतलेल्या रुमालात गुंडाळलं, टोपडं घातल्यासारखं. तोंड तेवढं बाहेर. पाठीवरचं वशिंड राहून गेलं.

मग थोडं मेण उरलं. ते सुगंधाबाईच्या पुडीचं. पण पुडीत काय होतं? जंगलात फोनला रेंज नाही. केवळरामनं आपलं सगळं अंग मनातल्या मनात तपासलं. पोट? कंबर? घंटा पुन्हा वाजली. त्यानं हाताला मोकळं सोडलं, आणि हातानं बैल केला. शिंगांसकट, फर्स्ट क्लास. तो एकच जिन्नस मनासारखा उतरला होता.

सगळं गोणपाटावर मांडून डब्बा वर नेला. चर्च जुनं, लाकडाचं, सागाचे खांब मिठीत न मावणारे. वेदीपुढे डब्बा ठेवला. फादर उभे. मास्तरांनी झाकण उघडलं आणि एकेक वस्तू हातोहात द्यायला सुरुवात केली. बाईनं आपला गुडघा घेतला, वरून खालून पाहिला.

"सुजला वाटते."

"उन्हानं, बाई," केवळराम म्हणाला.

मास्तरांनी आपलं घर उचललं. "याले व्हरांडा नोता."

"आता हाये, मास्तर. मातेची कृपा."

फिलोमिनाबाईनं रुमालातलं बाळ छातीशी धरलं, त्याचं तोंड पाहिलं आणि वेदीकडे वळली. केवळरामनं श्वास सोडला. आपला बैल त्यानं स्वतःच उचलून मातेच्या पायाशी ठेवला. आता फक्त गोणपाट उरलं होतं. मास्तरांनी डब्बा पूर्ण रिकामा झाला का हे पाहायला ते गोणपाट उचललं.

डोमानं मरळ फेकली नव्हती. संध्याकाळच्या रश्शासाठी त्यानं तिला गोणपाटाखाली, बर्फात दडवलं होतं. थंडीनं ती लाकडासारखी पडून होती. बर्फ आता वितळला होता. उजेड लागला, ऊब लागली, आणि मरळ जागी झाली. तिनं एक उसळी मारली आणि वेदीच्या पायरीवर जाऊन, मातेच्या पुतळ्यासमोर, शेपूट आपटत उभी झाल्यासारखी वळली.

केवळरामनं डोळे मिटले आणि किंकाळीची वाट पाहिली.

किंकाळी आली नाही. डोळे उघडले तर मास्तर गुडघ्यावर. सगळेच गुडघ्यावर.

"मासोळी," फिलोमिनाबाई पुटपुटली.

पाण्याविना, जंगलाच्या मधोमध, टेकडीवरच्या चर्चमध्ये जिवंत मासोळी. येशूचे पहिले चेले मासोळ्या धरणारेच होते, हे तिथल्या पोराटोरांनाही ठाऊक. फादरनी एकदा डब्ब्याकडे पाहिलं, एकदा केवळरामकडे पाहिलं. मासोळीचा वास ज्याला येत नाही असा माणूस जगात नाही, आणि फादरना नाक होतं. पण ते एवढंच म्हणाले, "हिला पाणी पाहिजे."

मिरवणुकीनं मरळीला टेकडीखालच्या बोडीत, छोट्या तळ्यात, नेऊन सोडलं. गाणी झाली. डोमा मात्र काठावर उभा राहून रडवेल्या आवाजात म्हणाला, "भाऊजी, रस्सा गेला."

परतीच्या वाटेवर फिलोमिनाबाई येऊन केबिनमधल्या सीटवर बसली. माळ हातात, डोळे रस्त्यावर.

"केवळरामभाऊ."

"हाव, बाई."

"मी बाळ ठेवताना रुमाल खोलून पाह्यला. माह्या नातवाले वशिंड काऊन होतं?"

गाडी जरा डावीकडे गेली, मग सरळ झाली. मग केवळरामनं सगळं सांगितलं, मरळीपासून इंजिनाच्या झाकणापर्यंत.

बाईनं ऐकून घेतलं. "मासोळीचं कोनाले नाई सांगत मी. लोकं खुश हायेत, राहू द्या. पन साबूत बाळ ठेवीन बोलली होती मी. पोट्ट्याले काही कमी-जास्त झालं ना, भाऊ," आणि ती तिथंच थांबली. पुढचं वाक्य केवळरामनं घरी पोचेपर्यंत स्वतःच पूर्ण करून पाहिलं, वेगवेगळ्या प्रकारे. एकही चांगलं नव्हतं.

तेव्हापासून रोशनीला दवाखान्यात न्यायचं काम केवळरामनं आपल्या अंगावर घेतलं. गाडी अशी चालवायचा, की बैलगाड्या ओव्हरटेक करून जायच्या. खड्डा आला की उतरून आधी पाहून यायचा. सोनोग्राफीच्या दिवशी त्यानं डॉक्टरीणबाईला बाजूला घेऊन विचारलं, "म्याडम, पाठीकडून बराबर दिसते ना?"

"तुम्ही कोण?"

"ड्रायव्हर."

बाळंतपण झालं. मुलगी झाली. सगळे तोंड पाहायला धावले, कोणावर गेली म्हणून. केवळरामनं तिला हातात घेतलं आणि पहिला हात पाठीवरून फिरवला. वरपासून खालपर्यंत. सपाट. त्यानं पुन्हा एकदा फिरवला. मग भिंतीला टेकून खाली बसला. फिलोमिनाबाई दारातून पाहत होती. तिनं नात परत घेतली, आणि जाताना त्याच्या डोक्यावर एक टपली मारली. हिशेब मिटला.

बारसं म्हणा, त्यांचा बाप्तिस्मा म्हणा, त्या जेवणाला सगळी कॉलनी जमली. केवळराम ताटावर बसणार तोच त्याचा फोन वाजला. कोसमटोल्याच्या मासोळीची गोष्ट नागपूरपर्यंत गेली होती. जो तो तिथंच जायचं म्हणे, आणि त्याच गाडीनं, त्याच डब्ब्यासकट. दर शनिवार, दर रविवार, मधल्या वारीसुद्धा. केवळरामला दाढी करायला वेळ नव्हता. त्यानं कोणाच्या सायकलची हवा सोडल्याला किती दिवस झाले, हे त्यालाच आठवत नव्हतं. आणि खरं सांगायची सोय नव्हती.

"तुमचा नवस फळला, फिलोमिना," सुगंधाबाई वाढता वाढता म्हणाली. "माहाबी फळला म्हना अर्धा."

"तुमचा कायचा होता?" डोमानं विचारलं.

"यायची जीभ ठेवाले लावली होती मी, मेनाची. म्हनलं, माते, याची मस्करी सोडव, न याले कामाले लाव." ती केवळरामकडे वळली. "पुडी देल्ली होती ना तुमच्याजवळ? ठेवली होती ना जीभ?"

केवळरामच्या हातातला घास हातातच राहिला. त्याच्या डोळ्यांपुढे कोसमटोल्याची वेदी आली. मातेच्या पायाशी, भोपळ्यासारख्या गुडघ्यांच्या मधोमध, त्याच्या नावानं उभा असलेला तो बैल. शिंगांसकट, फर्स्ट क्लास.

डोमानं त्याच्याकडे पाहिलं, आणि तोंडावर हात दाबून पंगतीतून उठून गेला.

फोन पुन्हा वाजला. वरोऱ्याची पार्टी होती, उद्या सकाळी निघायचं म्हणत होती. केवळरामनं ताटाकडे पाहिलं, बायकोकडे पाहिलं, मग जोखडाखाली द्यावी तशी मान खाली घातली आणि म्हणाला, "हाव. जुततो."